पाच टक्के भोकं: खनिज सनस्क्रीन जमतं कसं आणि फुटतं कसं

मुग्धा, माझी भाची, मार्चमध्ये भोसरीला आमच्या लॅबमध्ये आली तेव्हा तिच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं मुठेल होतं. ज्यांचं कोकणाशी नातं नाही त्यांच्यासाठी सांगते: कोकमाच्या बियांचं तेल गार झालं की घट्ट होतं, मग ते मुठीत दाबून त्याचे गोळे करतात. ते मुठेल. थंडीत टाचांच्या भेगांना लावायचं.

"मावशी, हे आजीकडचं आहे. यात झिंक घालून सनस्क्रीन करायचंय. केमिकल अजिबात नको, सगळं शाश्वत हवं. दिवाळीला ब्रँड काढते."

क्रीम-लोशनं बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात फॉर्म्युलेशनचं काम करता करता माझे केस पिकले. असं कुणीतरी दर महिन्याला येतं. परक्या माणसाला मी कोटेशन पाठवून मोकळी होते, भाचीला ते कसं करणार? मी तिच्यापुढे वाटीभर खोबरेल, झिंक ऑक्साइडची पिशवी आणि एक चमचा ठेवला. म्हटलं, ढवळ.

दहा मिनिटं ढवळल्यावर वाटीत दुधासारखं पांढरंशुभ्र, बघायला अगदी छान मिश्रण तयार झालं. मग मी त्याचा एक थेंब काचपट्टीवर घेतला, दुसऱ्या पट्टीच्या कडेने पातळ ओढला आणि पट्टी ट्यूबलाइटसमोर धरली. पांढऱ्या ठिपक्यांची रांग, ठिपक्यामागे ओढल्याची रेघ आणि मध्ये मध्ये चक्क पारदर्शक काच.

"पिठल्यात गुठळ्या झाल्यासारखं दिसतंय," ती म्हणाली.

खनिज सनस्क्रीनचा निम्मा विषय तिने एका वाक्यात सांगून टाकला होता. उरलेला निम्मा पुढे सांगते.

पूड नक्की करते काय

गाण्यासारखीच सनस्क्रीनचीही घराणी आहेत, दोन. एकात तेलात विरघळणारे कार्बनी रेणू येतात: ऑक्सिबेन्झोन, ॲव्होबेन्झोन आणि त्यांची भावंडं. दुसऱ्यात फक्त दोन पांढऱ्या पुडी, झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ साली सोळा सनस्क्रीन द्रव्यांचा फेरविचार मांडला, तेव्हा हातातल्या माहितीवर सुरक्षित आणि परिणामकारक म्हणावीत अशी ही दोनच निघाली. बाकीची सगळी विषारी ठरली असा त्याचा अर्थ लोक लावतात, तो खरा नाही. त्यांतली दोन बाद ठरली, उरलेल्या बारांबद्दल त्यांनी आणखी माहिती मागितली होती, इतकंच.

खनिज सनस्क्रीन आरशासारखं ऊन परतवून लावतं, असं जाहिरातीत आणि कधी कधी दवाखान्यातही ऐकू येतं. ते बव्हंशी चूक आहे. या दोन्ही पुडी अर्धवाहक आहेत, आणि अतिनील किरण त्या मुख्यतः शोषून घेऊन त्याची उष्णता करतात. परतवण्याचा वाटा मोजला तर साधारण ४ ते ५ टक्केच भरतो. झिंक ऑक्साइड सुमारे ३७५ नॅनोमीटरपर्यंतचे किरण पकडतं, म्हणजे भाजणारे यूव्हीबी आणि काच ओलांडून येणारे, त्वचा काळवंडवणारे बरेचसे यूव्हीए. पीएमपीएमएलच्या बसमध्ये खिडकीशेजारी बसून रोज हडपसर गाठणाऱ्याचा एकच हात जास्त रापतो, तो या यूव्हीएमुळे. टायटॅनियम डायऑक्साइड यूव्हीबीसाठी जास्त दमदार, पण लांब लहरींच्या यूव्हीएपाशी ते ढिलं पडतं. म्हणून एकच निवडायचं तर झिंक.

परतवला जातो तो साधा, डोळ्यांना दिसणारा प्रकाश. त्यानेच चेहरा पांढरा दिसतो. दक्षिण आफ्रिकेचा ॲलन डोनाल्ड गालांवर पांढरे पट्टे ओढून गोलंदाजीला यायचा ते हेच झिंक. तेव्हा पांढरेपणा ही संरक्षणाची पावती नव्हे. ती पूड जाड असल्याची पावती आहे.

पुण्यात याची गरज किती? आपण १८.५ अंश उत्तरेला, समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंचीवर राहतो. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. यातला दुसरा शून्य सावली दिवस आपल्याला सहसा ढगांमुळे दिसत नाही. उन्हाळ्यात भर दुपारी अतिनील निर्देशांक ११ ओलांडतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात त्यापुढे रकानाच नाही. दुचाकीवरच्या मुलींचा डोळ्यांपर्यंत गुंडाळलेला स्कार्फ आणि कोपरापर्यंतचे हातमोजे यांची चेष्टा खूप झाली, पण घट्ट विणीचा स्कार्फ हे उत्तम सनस्क्रीन आहे. फुटत नाही, खवट होत नाही, आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावंही लागत नाही.

भोकांचं गणित

आता ती काचपट्टी. एसपीएफ ५० म्हणजे भाजणाऱ्या किरणांचा पन्नासावा भाग, २ टक्के, आत जाऊ देणारा लेप. समजा, तुमचा लेप इतका भारी आहे की जिथे लागलाय तिथे एक किरणही आत जात नाही, पण ५ टक्के जागा उघडी राहिली. त्या भोकांतून ५ टक्के ऊन सरळ आत गेलं. शंभराला पाचाने भागा. तुमचा एसपीएफ २० झाला, त्याहून वर तो जाऊच शकत नाही. १० टक्के भोकं असतील तर १०.

या गणितात झिंक किती टक्के घातलं हे कुठे आलंच नाही, बघा. लोक मला फोन करून पहिला प्रश्न "झिंक किती टक्के?" हाच विचारतात. १५ टक्के झिंक नीट पसरवलेलं लोशन २५ टक्के झिंक असलेल्या गुठळ्यांच्या क्रीमला सहज मागे टाकतं. मला वाटतं, लेबलवर ही टक्केवारी मोठ्या अक्षरांत छापण्यापेक्षा काचपट्टीचा फोटो छापावा.

त्यात आपली त्वचा काचेसारखी सपाट नाही. तिला सह्याद्रीसारख्या डोंगरदऱ्या आहेत. लेप ओघळून दऱ्यांत साचतो आणि माथे उघडे पडतात. शिवाय प्रयोगशाळेत एसपीएफ मोजतात तो दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून. चेहऱ्यापुरतं बोलायचं तर एक ग्रॅमहून थोडं जास्त, तर्जनी आणि मधल्या बोटावर दोन भरघोस रेघा. आपण वाटाण्याएवढं घेतो आणि त्यातलंच मानेलाही फासतो. मग सनस्क्रीन काम करत नाही म्हणतो.

आधी घोटा, मग ढवळा

बेसन उकळत्या पाण्यात एकदम टाकलं की गुठळी बाहेरून ओली आणि आतून कोरडीच राहते. ज्यांना पेरून पिठलं जमत नाही, ते बेसन आधी थोड्या ताकात कालवून घेतात. झिंकचंही तेच. एकेक कण १०० नॅनोमीटरच्या आगेमागे असतो, पण पिशवीतून येतो तो एकमेकांना चिकटलेल्या कणांच्या ढेकळांतून. ही ढेकळं चमच्याने फुटत नाहीत. घरच्या मिक्सरनेही फुटत नाहीत, त्याने नुसती हवा भरते. पूड थोड्याच तेलात घेऊन घट्ट लगदा करायचा आणि वैद्य खलात घोटतो तशी घोटायची. आमच्याकडे ते काम ट्रिपल रोल मिल करते: वेगवेगळ्या गतीने फिरणारे तीन रूळ, मध्ये केसाएवढी फट, आणि त्यातून पिळून निघणारा लोण्यासारखा लगदा.

ढेकूळ फुटून भागत नाही, सुटे झालेले कण पुन्हा गळ्यात गळे घालतात. त्यांना लांब ठेवायला डिस्पर्संट लागतो. त्याच्या रेणूचं एक टोक कणावर बसतं आणि लांब शेपटी तेलात तरंगते. दोन कण जवळ आले की शेपट्या एकमेकींना ढकलतात. या कामाचा सगळ्यात भरवशाचा गडी म्हणजे पॉलिहायड्रॉक्सिस्टिअरिक ॲसिड, आणि तो येतो एरंडेलापासून. जगातलं बहुतेक एरंडेल भारतात, त्यातही गुजरातेत, निघतं. एरंडाला लागवडीत पाणी बेताचं लागतं आणि ते खायचं तेल नाही, त्यामुळे कुणाच्या ताटातलं काढून घेतल्यासारखं होत नाही. शाश्वत कच्चा माल म्हणून मी बेधडक नाव घ्यावं असा हा पहिला. आपल्या भाषेत एरंडाचं गुऱ्हाळ निरर्थक म्हणून बदनाम झालंय. माझ्या कारखान्यात तरी ते फळाला आलंय.

घोटणं जमलं की नाही हे कळायला हेगमन गेज नावाचा एक साधा पोलादी ठोकळा असतो. त्यावर एका टोकाला खोल आणि दुसऱ्या टोकाला शून्यावर येणारी उतरती खाच असते. खोल टोकाला थेंब टाकायचा, पट्टीने ओढत न्यायचा. ज्या खोलीला ठिपके डोकं वर काढतात, तेवढ्या आकाराच्या गुठळ्या उरल्यात. मुग्धाचं खोबरेल-झिंक पहिल्या सेंटिमीटरलाच खरखरलं. मिलमधून तीनदा काढलेला लगदा शेवटच्या टोकापर्यंत साईसारखा गेला. पुडी तीच, काटाही तोच होता.

मग गुरुत्वाकर्षणाशी गाठ पडते. झिंक ऑक्साइडची घनता ५.६, तेलाची ०.९. पूड बुडणारच. बुडण्याचा वेग कणाच्या आकाराच्या वर्गाने वाढतो, म्हणजे गुठळी दहापट मोठी तर ती शंभरपट वेगाने खाली जाते. एकेकटा कण पातळ तेलात दिवसभरात मिलिमीटरभरही सरकत नाही. गुठळी मात्र काही दिवसांतच तळ गाठते. म्हणून घोटणं हा एसपीएफचाही पाया आणि टिकाऊपणाचाही. वरून थोडं मेण किंवा तेलात फुगणारी खास चिकणमाती घातली की स्थिर असताना लोशन विरजलेल्या दह्यासारखं धरून राहतं आणि बोटाने ढकललं की वाहतं.

दूध की लोणी

तेल आणि पाणी एकत्र ठेवायच्या, म्हणजे इमल्शनच्या, दोन तऱ्हा आहेत आणि त्या दोन्ही आपल्या घरात असतात. दुधात पाणी बाहेर आणि स्निग्धाचे थेंब आत. घुसळलं की उलटापालट होते: लोण्यात स्निग्ध बाहेर आणि पाण्याचे थेंब आत. बाजारातली बहुतेक मॉइश्चरायझर दूधपंथी असतात. खनिज सनस्क्रीन मात्र लोणीपंथी केलेलं बरं. पूड बाहेरच्या तेलात नांदते, लेप सलग बसतो, घामाने लगेच वाहून जात नाही. पालखीबरोबर दिवेघाट चढणाऱ्याला हेच लागतं. तोटा असा की जुलैच्या दमट हवेत ते अंगाला जड वाटतं.

लोणीपंथी इमल्शनात पाणी थेंबाथेंबाने, धीराने घालावं लागतं. घाई केली की आतलं बाहेर होतं आणि बीकरमध्ये भलतंच काही तयार होतं. तेल-पाण्याला जोडून ठेवणारा इमल्सिफायर म्हणून हल्ली वनस्पतिज ग्लिसरीनपासून केलेले पॉलिग्लिसरिल एस्टर मिळतात, आणि मला विचाराल तर ते जुन्या पेट्रोलियमवाल्यांपेक्षा कामालाही सरस आहेत. यातले काही तर गरम न करताच चालतात. कित्येक लिटर पाणी ७५ अंशांपर्यंत तापवून पुन्हा थंड करण्याची वीज वाचते, आणि माझ्या मते शाश्वततेच्या हिशेबात हे पान-फुलाच्या चित्रापेक्षा मोठं कलम आहे.

आणि पाण्यात चिमूटभर मीठ. खरंच. मॅग्नेशियम सल्फेट, तेच एप्सम सॉल्ट, अर्धा ते एक टक्का. ते नसेल तर लहान थेंबांतलं पाणी तेलातून झिरपत मोठ्या थेंबांकडे जातं, मोठे आणखी फुगतात आणि इमल्शन फुटतं. प्रत्येक थेंबात मीठ असलं की लहान थेंब आटता आटता खारट होत जातो आणि पाणी धरून ठेवतो. मुग्धाला हे पटेना. मी तिला मीठ घातलेली आणि न घातलेली अशा दोन बाटल्या पंधरा दिवसांनी दाखवल्या. मग पटलं.

झिंकचा स्वभाव

शाळेत शिकलेला एक शब्द आठवा: उभयधर्मी. झिंक ऑक्साइड आम्लातही विरघळतं आणि तीव्र अल्कलीतही. त्याला मानवतो सामू ७ ते ८. त्याखाली गेलं की कण झिजतात, झिंकचे आयन सुटे होतात आणि मग ते दिसेल त्याला धरतात.

माझ्या उमेदवारीच्या काळात मी कार्बोमरच्या जेलमध्ये झिंक घातलं होतं. कार्बोमर म्हणजे पाण्यात फुगून जेल करणारं पॉलिमर, त्याचा फुगवटा ऋण प्रभारांच्या एकमेकांना ढकलण्यावर उभा. झिंकचे धन आयन तिथे जाऊन बसले. संध्याकाळी झकास घट्ट जेल सोडून घरी गेले, सकाळी ड्रममध्ये विरजण बिघडल्यासारखं पांढरं पाणी. चाळीस किलो. साहेब काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त झाकण परत लावलं.

मुठेलाचा घोळही याच स्वभावातला. कोकमाच्या तेलात निम्म्याहून जास्त वाटा स्टिअरिक ॲसिडचा असतो. ते ग्लिसरीनला बांधलेलं असतं तोवर हरकत नाही. पण घरगुती, न शुद्ध केलेल्या मुठेलात त्यातलं बरंच सुटं झालेलं असतं. हे सुटं स्निग्धाम्ल आणि झिंक भेटले की झिंकचा साबण होतो. तो पाण्यात विरघळत नाही, फेसही देत नाही. क्रीम हळूहळू घट्ट, मग रवाळ. आजीच्या मुठेलाचं आम्लमूल्य, म्हणजे त्यात सुटं आम्ल किती ते, आम्ही टायट्रेशनने काढलं आणि आकडा पाहूनच मी मान हलवली. तरी तिच्या समाधानासाठी एक बाटली भरली. शुद्ध केलेलं कोकम बटर मात्र दोन-तीन टक्क्यांपर्यंत छान चालतं, लेपाला अंग देतं. मग ते आजीचं राहत नाही, हा मुग्धाचा मुद्दा. खरंय.

तिच्या यादीतलं लिंबू, व्हिटॅमिन सी आणि बाटलीतला कोरफडीचा रस याच कारणाने बाद झाले. बाटलीतली कोरफड टिकावी म्हणून सहसा आंबटच केलेली असते.

पण सगळ्यात चिवट पेच प्रिझर्व्हेटिव्हचा. 'नैसर्गिक' म्हणून मिरवणाऱ्या क्रीममध्ये सहसा सोडियम बेन्झोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट असतं. ते बुरशीला मारतात ते आम्लरूपात, म्हणजे सामू ५ च्या खाली. झिंकला हवा ७ च्या वर. एकाच घरात दोघं नांदू शकत नाहीत. ज्या सनस्क्रीनवर २० टक्के झिंक आणि फक्त ही जोडी लिहिलेली असते, ते एकतर बुरशीपासून उघडं आहे किंवा झिंक विरघळवतंय. मग उरतो फिनॉक्सिइथेनॉल, किंवा पेंटिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरिल कॅप्रिलेट यांची जुगलबंदी. पेंटिलीन ग्लायकॉल हल्ली उसाच्या चिपाडापासूनही करतात. महाराष्ट्रात चिपाडांना तोटा नाही. प्रिझर्व्हेटिव्ह नकोच म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांना बुरशी चढलेली पेट्री डिश दाखवते.

अळवावरचं पाणी

टायटॅनियम डायऑक्साइड आणि काही अंशी झिंक ऑक्साइड प्रकाशात रासायनिक खोड्या काढतात. शोषलेल्या ऊर्जेतली थोडी पाण्या-हवेला देऊन मुक्त कण, म्हणजे फ्री रॅडिकल, तयार करतात. स्वतःला स्वच्छ ठेवणाऱ्या काचा आणि रंग याच गुणावर चालतात. क्रीममध्ये तो गुण दुर्गुण होतो. टायटॅनियमच्या दोन स्फटिकरूपांपैकी ॲनाटेज जास्त खोडकर, रुटाइल शांत, म्हणून सनस्क्रीनमध्ये रुटाइल. आणि दोन्ही पुडींवर लेप चढवतात, सिलिकाचा, ॲल्युमिनाचा किंवा स्निग्धाम्लासारख्या तेलकट पदार्थाचा. तेलकट लेप दिलेली पूड पाण्याच्या ग्लासात टाकली तर भिजतच नाही, वर कोरडी तरंगत राहते. अळवावरचं पाणी, फक्त उलटं. झिंक तेलातच राहतं, आयन कमी सुटतात, मघाचे बरेच तंटे सौम्य होतात.

याच खोडीमुळे करडई, जवस, सूर्यफूल अशी तेलं मी सनस्क्रीनमध्ये थेंबभरच घालते. त्यांच्यातल्या दुहेरी बंधांवर हे मुक्त कण तुटून पडतात आणि क्रीम दोन महिन्यांत खवट. त्याऐवजी खोबऱ्यापासून केलेले हलके एस्टर वापरावेत, किंवा उसाच्या साखरेवर यीस्ट वाढवून केलेलं स्क्वालेन. स्क्वालेन पूर्वी शार्कच्या यकृतातून यायचं, म्हणून हे खरं सुधारलेलं काम.

तेलातच एसपीएफ असतो, हेही ऐकू येतं. करंजाच्या तेलात करंजिन आणि पोंगॅमॉल ही अतिनील शोषणारी द्रव्यं आहेत, हे सत्य आहे. पण त्या जोरावर करंजेल फासून एप्रिलच्या दुपारी सिंहगड चढणं म्हणजे छत्रीच्या काड्या घेऊन पावसात निघणं. आणखी एक गंमत: काही 'शंभर टक्के खनिज' सनस्क्रीनच्या यादीत ब्युटिलऑक्टिल सॅलिसिलेट आढळतं. कागदावर ते फिल्टर नसतं, नुसतं मऊपणा देणारं. रसायन मात्र पहिल्या, कार्बनी घराण्यातल्या ऑक्टिसॅलेटचं सख्खं चुलत आणि अतिनील तेही शोषतं. बेकायदा नाही, पण मग मिशी पिळून 'शंभर टक्के' म्हणू नये.

पांढरा चेहरा, गेरू आणि वांग

आपल्या सावळ्या त्वचेवर झिंक भुतासारखं दिसतं. कण बारीक केले की पांढरेपणा जातो, पण मग तो नॅनो होतो आणि लोक बिचकतात. आजवरच्या अभ्यासांत हे कण निरोगी त्वचेच्या वरच्या मृत थरातच राहतात असं दिसलं आहे. हुंगणं मात्र वेगळं, म्हणून खनिज सनस्क्रीनचा फवारा मला पसंत नाही.

दुसरी वाट रंगाची. पिवळं, लाल आणि काळं आयर्न ऑक्साइड मिळून तीन-चार टक्के घातलं की क्रीम गव्हाळ होतं, आणि वर एक बोनस मिळतो: आयर्न ऑक्साइड दिसणारा निळा-जांभळा प्रकाशही अडवतं. वांग असलेल्यांना त्या प्रकाशाचाही त्रास होतो, नुसतं पांढरं झिंक तिथे कमी पडतं. लाल आयर्न ऑक्साइड म्हणजे मूळचा गेरूच की, असं म्हणून मुग्धा कुंडीला लावायचा गेरू घेऊन आली. रंगद्रव्यात शिसं २० पीपीएम आणि आर्सेनिक २ पीपीएमच्या वर आपल्याकडे चालत नाही, आणि मातीतून खणलेल्या गेरूत काय आहे हे मातीच जाणे. कारखान्यात बनवलेलं इथे जास्त निर्मळ.

तीच गोष्ट खनिज या शब्दाची. जमिनीत झिंक ऑक्साइड फार दुर्मिळ. सापडतं ते गंधकाशी जोडलेलं, राजस्थानात भिलवाड्याजवळ रामपुरा आगुचाला त्याची प्रचंड खाण आहे. उदयपूरजवळ झावरला तर काही शतकांपूर्वीपासून जस्ताचं ऊर्ध्वपातन चालायचं. खनिजापासून धातू, धातूची भट्टीत वाफ, वाफ हवेत जळून पांढरी पूड. वैद्यांचं यशद भस्म आणि कॅलामाइन लोशन यांचा हाच आत्मा. तेव्हा 'केमिकल-फ्री झिंक' म्हणजे साखर-फ्री पुरणपोळी.

पर्यावरणाचं श्रेयही जपून घ्यावं. हवाईने २०१८ साली कायदा करून १ जानेवारी २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्झेट या कार्बनी घराण्यातल्या दोघांच्या विक्रीवर बंदी आणली, तेव्हापासून खनिज सनस्क्रीनवर सर्रास 'प्रवाळस्नेही' छापतात. पण झिंक ऑक्साइड स्वतः जलचरांना विषारी गटात मोडतं. लेप दिलेलं, कमी झिजणारं झिंक त्यातल्या त्यात बरं. सायक्लिक सिलिकोन डी-५, ज्याने क्रीम रेशमी लागतं, त्यावर युरोपात न धुता ठेवायच्या उत्पादनांत २०२७ पासून निर्बंध येताहेत. ते काढलं की पूड पुन्हा चिकटू लागते आणि घोटण्याचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो. हिरवी अदलाबदल कधीच सुटी होत नाही. एक घटक बदलला की कण, थेंब, सामू सगळ्यांची पंचाईत बसते. माझ्या लेखी सगळ्यात अशाश्वत सनस्क्रीन म्हणजे ते चाळीस किलो, जे शेवटी सांडपाण्याच्या टाकीत गेलं.

ओव्हनमधल्या बाटल्या

टिकतं की नाही हे बोलून ठरत नाही. सेंट्रिफ्यूजमध्ये अर्धा तास फिरवायचं, गोठवून वितळवायच्या फेऱ्या द्यायच्या, ४५ अंशांच्या ओव्हनमध्ये तीन महिने ठेवायचं. ४५ अंश जास्त वाटतात त्यांनी मंडईबाहेर दुपारभर उभ्या असलेल्या स्कूटरच्या डिकीत हात घालून बघावा. पुण्यातलं सनस्क्रीन तिथेच तर राहतं. मग खरा एसपीएफ किमान दहा माणसांच्या पाठीवर मोजायचा. आपल्याकडे सनस्क्रीन सौंदर्यप्रसाधनांत मोडतं आणि विकायला बनवायचं तर सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० खाली राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. घरच्या ओट्यावर, वजनकाट्याने अचूक मोजून केलं तरी काचपट्टीवरची भोकं दिसत नाहीत. साबण घरी करा, उटणं करा. हे नका करू.

मुग्धाने बोहरी आळीतून आणलेल्या सहा बाटल्या भरल्या आणि त्यांवर स्केचपेनने आकडे घातले. आज दोन महिने झाले. दर शनिवारी तिचा मेसेज येतो, "मावशी, बाटल्या?"

एक आणि दोन, मिठाशिवायच्या, तेव्हाच फुटल्या. तीन, आजीच्या मुठेलाची, आडवी केली तरी हलत नाही, आणि काचेला बोट लावलं की आत रवा दिसतो. पाच, शुद्ध कोकम बटरची, अजून साईसारखी आहे. सहाही बरी आहे, थोडी पिवळी पडलीय. चौथीत वरच्या बाजूला तेलाची केसाएवढी रेघ दिसायला लागली आहे. इमल्सिफायर अर्धा टक्का वाढवून सातवी उद्या भरायची आहे, आणि दिवाळी कुठली ते अजून ठरलेलं नाही.